ती जेवेपर्यंत चहा बंद

आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये तेव्हा तीन बायका आणि एक पुरुष राहत होते. एक मी, दुसऱ्या माझ्या सासूबाई आणि तिसरी नवऱ्याची टॅरंटुला. टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. ही मादी होती. गुडघ्यांवर नारिंगी पट्टे, बाकी सगळी काळी. लग्न ठरताना नवऱ्याने पगार, शिफ्ट, गावाकडची जमीन सगळं खरं खरं सांगितलं होतं. हे एवढंच पत्रिका वाटून झाल्यावर सांगितलं. मी म्हटलं, असू दे, पण पेटीबाहेर दिसली तर मी माहेरी. तिची सगळी कागदपत्रं स्कूटरच्या कागदांसोबत एका फाइलमध्ये नीट लावलेली होती. आमच्या लग्नाचा दाखला काढायला मात्र आम्हाला अजून सवड झाली नव्हती.

या गोष्टीच्या दीड वर्ष आधी सासूबाई लातूरकडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी पहिल्या दिवशी काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, हे काय खातंय? नवऱ्याने सांगितलं, रातकिडे, झुरळं. त्या म्हणाल्या, मग बरं हाय, आणि पदर खोचून थेट माझ्या ओट्याकडे वळल्या. टॅरंटुलाशी त्यांचं त्या क्षणापासून जमलं. माझ्याशी जमायला जरा वेळ लागत होता, कारण ओटा एकच होता. मी डावीकडे ठेवलेला मिठाचा डबा संध्याकाळी उजवीकडे सापडायचा. मी तो परत डावीकडे ठेवायची. दीड वर्षं आमचं भांडण असं झालंच नाही, डबाच तेवढा इकडून तिकडे फिरत राहिला.

आम्ही नवराबायको दोघंही चाकणला कामाला. तो एका कंपनीत मेंटेनन्सला, मी दुसऱ्या कंपनीत लीक टेस्टला. गाडीच्या इंजिनात पाणी फिरवणारे ॲल्युमिनियमचे भाग आमच्याकडे तयार होतात. त्यात हवा भरायची, पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडा येतो का बघायचं. बुडबुडा आला की लाल टॅग. आठ तास मी गळती शोधते, आणि मला ते आवडतं. माझ्या नजरेतून बुडबुडा सुटत नाही, असा माझा लौकिक आहे. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाली, पेढे वाटले आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर सासूबाईंनी हॉलमध्ये सतरंजी अंथरून घरात जे जे राबतं ते सगळं ओळीने मांडलेलं. मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, नवऱ्याचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, माझं हेल्मेट, दोन मोबाइल चार्जर. गावाकडे त्या याच दिवशी नांगर आणि विळे पुजायच्या. इथे फ्लॅटमध्ये जे सापडलं ते पुजत होत्या. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. मग त्यांची नजर काचेच्या पेटीवर गेली.

"ती बी राबतीच की," त्या म्हणाल्या. "आल्यापासून घरात झुरळ दिसलंय का तुला?"

आता घरातली झुरळं टॅरंटुलाने कधीच खाल्ली नव्हती, ती पेटीबाहेर येतच नव्हती. झुरळं मी औषध मारून घालवली होती. पण आपलं श्रेय मागायला ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या पूजेची मजा यायला लागली होती. मीच पेटी उचलून ओट्यावर ठेवली, कारण सतरंजीवर जागा उरली नव्हती. सासूबाईंनी काचेला हळदकुंकू लावलं. तिथवर ठीक होतं. पण फूल आत ठेवायचं म्हणून त्यांनी झाकण सरकवलं, आणि फूल धरलेला हात आत घातला. टॅरंटुलाने फुलाचा वास घेतला की काय कोण जाणे, ती शांतपणे फुलावरून त्यांच्या मनगटावर आली आणि बांगड्यांवर चढली. सासूबाई विंचवाला घाबरत नाहीत, सापाला घाबरत नाहीत. पण बांगडीवर केसाळ पाय लागल्यावर हात आपोआप झटकला गेला.

पिकलेला चिकू पडावा तसा आवाज आला. ओट्यावरून थेट फरशीवर.

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. ती हलत होती, पण पोटाला बारीकशी चीर पडली होती आणि तिथे एक थेंब साठत होता, पाण्यासारखा, किंचित निळसर. मी पाहिला, पुसला, पुन्हा आला. दिवसभर दुसऱ्यांच्या गळत्या पकडणारी बाई मी, आणि माझ्या स्वयंपाकघरात ही गळती. कंपनीत असता तर लाल टॅग लावून भाग बाजूला टाकला असता. इथे टाकायचं कुठे? नवऱ्याला फोन लावला तर त्याच्या कंपनीत आरती चाललेली, तो काही उचलेना. सासूबाई हळदीचा डबा घेऊन सज्ज. माझा नवरा लहानपणी पडला तेव्हा हळद, त्यांची म्हैस पडली तेव्हा हळद, त्यामुळे त्यांच्या मनात काही शंकाच नव्हती.

मी त्यांचा हात धरला आणि नवऱ्याच्या डायरीत लिहिलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते कुत्र्यामांजरांचे डॉक्टर, पण एकदा एका कासवाला बरं केलं म्हणून आमच्याकडे त्यांना मान होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हळद नको, कॉर्नफ्लॉर लावा. कोरडं, चिमूटभर, चिरेवर. गळती थांबेल. मग पेटीत ठेवा, पाणी ठेवा आणि कृपा करून हात लावू नका. महिनाभर खाल्लं नाही तरी घाबरू नका, या जातीची मादी दोन-तीन महिनेही उपाशी राहू शकते.

कॉर्नफ्लॉरचा डबा घरात होता, पण आमच्या डब्यांना लेबलं नाहीत. सासूबाईंनी आतून एक डबा काढला, मी चिमूट घेतली आणि रांगोळीचा ठिपका टाकावा तशी चिरेवर सोडली. मग तिच्यावर मऊ प्लास्टिकचं भांडं पालथं घातलं, खालून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका सरकवली आणि तिला पेटीत पोहोचतं केलं. थेंब थांबला. दोघी घाम पुसत खाली बसलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पावडर पिवळसर आहे. मी बोट नाकाला लावलं. कस्टर्ड पावडर होती.

सासूबाईंनी वास घेतला, पावडर बघितली आणि म्हणाल्या, हळद न्हाई तर न्हाई, पिवळं तर लागलं.

मला हसू फुटलं. म्हणजे अगदी पोट धरून, फरशीवर बसून. त्या आधी रागावल्या, मग त्याही हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, तेव्हा मी गप्प झाले. डॉक्टरांना पुन्हा फोन करून कबुली दिली. ते म्हणाले, कस्टर्ड पावडर म्हणजे बहुतेक कॉर्नफ्लॉरच, राहू द्या आता. फोन ठेवण्याआधी त्यांच्या हसण्याचा आवाज आला. संध्याकाळी नवरा गाडीला झेंडूची माळ लावून घरी आला, दारातच थांबून वास घेतला आणि विचारलं, केक केलाय का? आम्ही दोघींनी पेटीकडे बोट दाखवलं. त्याने तिचे आठ पाय मोजले, दोनदा मोजले आणि मग मला ओरडला. आमच्या घरात कुणाला ओरडायचं हे आधीच ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सासूबाईंनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे नवस बोलल्या, ती जेवेपर्यंत चहा बंद. आणि दुसरी म्हणजे गावाकडे मोठ्या लेकाला, माझ्या दिरांना, फोन केला. दिवाळीला येताना मला न्यायच्या तयारीने ये, म्हणाल्या. हिनं जेवण घेतलं तर राहीन, न्हाई तर मी येते. लेकाच्या घरातला जीव सणाच्या दिवशी माझ्या हातानं गेला, तर मी हितं कोणत्या तोंडानं राहू?

आता मनातलं सांगते. फोन ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. मिठाचा डबा दिवाळीनंतर कायमचा डावीकडे राहील, हा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो लगेच हाकलला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तो दोन दिवस तिथेच मजेत राहिला.

मग चहा बंद झाल्याचे परिणाम दिसायला लागले. सासूबाईंचा चहा दिवसातून पाच वेळा, आणि तो चहा म्हणजे उसाच्या रसाचा भाऊ. तो एकदम बंद. तिसऱ्या दिवसापासून डोक्याला फडकं बांधून त्या घरभर फिरायला लागल्या. कुकरची शिट्टी झाली की दचकायच्या. वरणात मीठ दोनदा, भाजीत एकदाही नाही. शेजारणीने चहाला बोलावलं तर तिला म्हणाल्या, मला विष दे त्यापेक्षा. मग आपल्या लाजेखातर मीही जाहीर केलं की माझाही चहा बंद, आणि नवऱ्यालाही बंद करायला लावला. घरात बंद, म्हणजे. कंपनीत मशीनचा चहा मिळतो, कागदी कपात, दिवसातून दोनदा. तो मी पीत होते. बिनसाखरेचा पीत होते, हीच काय ती माझी तपश्चर्या.

नवऱ्याने कासारवाडीच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून रातकिडे आणले होते. दर चार दिवसांनी एक रातकिडा चिमट्याने आत सोडायचा, दुसऱ्या दिवशी तसाच बाहेर काढायचा. मी कंपनीतल्यासारखा एक तक्ता करून फ्रिजवर लावला. पाणी, गळती, हालचाल, जेवण. बरं असेल तर गोल, नसेल तर फुली. सासूबाई शाळेत दोनच वर्षं गेल्या, पण तक्ता भरायच्या माझ्या लाइनवरच्या कुणापेक्षाही नेमाने. पाण्याला गोल, गळतीला गोल, हालचालीला गोल. जेवणाच्या रकान्यात सगळ्या फुल्या.

एकदा कंपनीत वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी किल्लीने दार उघडून आत आले तर हॉलमधून सासूबाईंचा आवाज. मला वाटलं कुणी पाहुणं आलंय. त्या पेटीसमोर पाट टाकून बसल्या होत्या आणि टॅरंटुलाला सांगत होत्या की खालच्या मजल्यावरच्या सुनेला आठवा लागलाय, की आज गवारी निबर मिळाली, की लातूरकडे आता तुरी फुलोऱ्याला आल्या असतील. मग थांबायच्या, जणू पलीकडून उत्तर येतंय. मी मागे उभी आहे हे कळल्यावर त्या लाजल्या.

"तुम्ही दोघं कंपनीत," त्या म्हणाल्या. "दिवसभर तोंड उघडायला हीच हाय मला."

त्या दिवशी मी कंपनीच्या कपड्यांतच त्यांच्या शेजारी बसले. त्यांना सोबत नव्हती हे दीड वर्षात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटायचं, ओटा मिळाला की बाईला सगळं मिळालं. माझी मलाच लाज वाटली. आणि त्या दिवसापासून मला ती टॅरंटुला जगायला हवी होती, जेवायला हवी होती, तीही दिवाळीच्या आत. सकाळी उठल्यावर मी देवाआधी पेटीकडे बघायला लागले. वाटेत चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले की मनातल्या मनात म्हणायची, खा गं बाई, एक रातकिडा खा, त्यात काय एवढं.

दिवाळी आठवड्यावर आली आणि रकान्यात फुल्याच होत्या. माझी त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळी मी घरी. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी सोडलेला रातकिडा पेटीच्या कोपऱ्यात मिशा हलवत ठणठणीत बसलेला. आणि मी ते केलं. मी तो चिमट्याने उचलला, बाल्कनीतून सोडून दिला आणि तक्त्यावर जेवणाच्या रकान्यात गोल काढला. लाइनवर न तपासता आकडे भरणाऱ्या दोघांची मी लेखी तक्रार केलेली आहे. एकाचं तर वर्षाचं बक्षीस त्यात गेलं होतं.

सासूबाई बाहेर आल्या. मी म्हटलं, आई, खाल्लं तिने, बघा, रातकिडा नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, असलं पाप रोज करावं. त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, आधण ठेवलं, आलं ठेचायला घेतलं. मग ठेचता ठेचता थांबल्या. हात पुसून पेटीपाशी गेल्या आणि वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"गोळी कुठाय?" त्यांनी विचारलं.

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. ही बाई किडा खाते म्हणजे त्याचा रस पिते, आणि उरलेला चोथा बारीक गोळी करून टाकते. दर वेळी. दीड वर्षात एकदाही चुकलेली नाही. पाण्याच्या वाटीत नाही तर कोपऱ्यात, पण गोळी असतेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. माझे कान तापले आणि मी बाल्कनीकडे बघितलं. त्यांनीही तिकडे बघितलं. मग गॅस बंद केला.

"तू कंपनीत बी असंच लिवतीस का गं?"

त्या ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी एवढंच म्हटलं की तुम्ही जाऊ नये म्हणून केलं. तक्त्यावरच्या माझ्या गोलाला त्यांनी पेनने फुली मारली आणि डोक्याला पुन्हा फडकं बांधलं.

पाडव्याच्या दिवशी मोठे दीर आले, गावातल्या कुणाची तरी जीप घेऊन. सासूबाईंची पिशवी भरलेली, वर चकल्यांचा डबा. जेवणं झाली, दीर निघायची घाई करायला लागले, आणि सासूबाई पेटीला नमस्कार करायला गेल्या त्या तिथेच थांबल्या. टॅरंटुलाने खाली पांढरं जाळं अंथरलं होतं आणि ती उताणी झोपली होती, आठही पाय वर. दीर म्हणाले, गेली वाटतं, आणि काचेवर टकटक करायला बोट उचललं. सासूबाईंनी त्या बोटावर फटका मारला.

"हात लावू नको. कात टाकायलीय ती."

त्यांचं बरोबर होतं. या जातीला मोठं व्हायचं असलं, नाही तर अंग दुरुस्त करायचं असलं, की सापासारखी कात टाकते आणि त्यासाठी उताणी होते. हे डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. मला ते ऐनवेळी आठवलं नसतं. सासूबाईंनी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, आत राहिलेला रातकिडा अलगद काढला आणि दिरांना सांगितलं की तू जा. दीर बिचारे म्हणाले, अगं पण पिशवी भरलीय. बाळंतीण टाकून कुणी जातंय व्हय, त्यांनी विचारलं, तुळशीच्या लग्नानंतर बघू. दीर चकल्यांचा डबा तेवढा घेऊन गेले.

दुपार कलेपर्यंत आम्ही तिघं जमिनीवर ओळीने बसलो होतो, श्वास रोखून. आधी पाठ फुटली. मग ती जुन्या अंगातून एकेक पाय सोडवत बाहेर आली, हातमोजा काढतात तसा एकेक. पेटीत दोन टॅरंटुला दिसायला लागल्या, एक पोकळ, एक नवीकोरी, नारिंगी पट्टे नुकते रंगवल्यासारखे. नवरा मान वाकडी करून तिचं पोट बघत होता. चीर नव्हती. जुन्या कातेवर मात्र ती होती, पिवळसर डागासकट. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. बाळंतीण किडे खाते हे मान्य, पण रीत ती रीत. लाडू आम्ही खाल्ले.

कात टाकल्यावर दात कडक व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस तिला द्यायचंच नाही काही. सासूबाईंनी ते बोटांवर मोजले. तुळशीचं लग्न झालं, त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्यांनी रातकिडा सोडला आणि पाटावर बसल्या. मी शेजारी. टॅरंटुला हलेना. रातकिडा हलेना. आम्हीही हलेना. आणि मग एवढं झटकन झालं की मी पापणी लववली तेवढ्यात तो तिच्या तोंडात होता. मी टाळ्या पिटल्या. धावत ओट्याकडे गेले, आधण ठेवायला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "गोळी येऊ दे."

गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. वाटाण्याहून लहान, काळी. सासूबाईंनी ती चिमट्याने काढली, वाटीच्या झाकणात ठेवली आणि सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. नवऱ्याने हात जोडले. मग त्यांनी चहा केला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मला ते सहन होईना, म्हणून मी सांगून टाकलं की मी कंपनीत पीत होते. रोज दोनदा.

"ठावं हाय," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "तुझं डोकं एक दिवस बी दुखलं न्हाई. पर नवस माझा व्हता, तू कामून उपाशी राहायचं?"

बशी संपवून त्यांनी दिरांना फोन लावला. फोन त्या नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. दिरांनी विचारलं, जीप कधी आणू? त्या म्हणाल्या, आणू नको, मला हितं काम हाय. दीर हसले. म्हणाले, फ्लॅटमध्ये कसलं आलंय काम?

"ही दोघं दिवसभर कंपनीत. कोण जेवलं, कोण न्हाई, हे बघायला घरात माणूस लागतंय की," त्या म्हणाल्या. "ह्यांना गोळी बी दिसत न्हाई."

मला त्यांच्याकडे बघवेना. याच बाईने जावं असं मला दोन दिवस मनापासून वाटलं होतं, आणि आता त्या राहणार होत्या. मी पाठ फिरवून ओट्याशी गेले आणि कुणी चहा मागितला नसताना दुसरं आधण ठेवलं. मागून त्या आल्या, मला हाताने जरा बाजूला केलं आणि म्हणाल्या, साखर मी घालते. मी सरकले आणि त्यांना जागा करून दिली.